कांद्याच्या सालांत रंगवलेली लोकर आणि तिचा मफलर

आमच्या भाजीवाल्याला पहिल्यांदा म्हटलं, "कांद्याच्या पोत्याच्या तळाशी राहिलेली सालं देता का?" तर त्याने हातातला तराजू खाली ठेवून विचारलं, "शेळी पाळली का ताई?" आता तो काही विचारत नाही. पिशवी भरून गल्ल्यामागे ठेवतो आणि मी दोन किलो कांदे घेते, इतकाच व्यवहार.

त्या पिशवीतल्या १०० ग्रॅम सालांत २०० ग्रॅम पांढरी लोकर रंगते. एकाच पाण्यातून चार छटा निघतात: गडद हिरवट तपकिरी, तांबूस नारिंगी, गेरूच्या अंगाने जाणारी पिवळी आणि शेवटी गव्हाच्या काडासारखी फिकी. या चार छटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उतरत जातील असा मफलर कसा रंगवायचा आणि विणायचा, ते इथे सांगते. रुंदी साधारण २५ सेंटिमीटर, लांबी १७० च्या आसपास. सुलट आणि उलट टाका येत असेल तर बाकी काही यायची गरज नाही.

आधी एक गोष्ट, म्हणजे पुढचा खटाटोप कशासाठी ते कळेल. बहिणीच्या मुलासाठी मी घरी रंगवलेल्या लोकरीचा स्वेटर करायला घेतला होता. पाठ निम्मी झाल्यावर लोकर कमी पडणार हे दिसलं. पुन्हा रंगवली. तीच सालं, तीच तुरटी, तेच पातेलं. गुंडा शेजारी ठेवून पाहिला तर डोळ्याला फरक दिसेना. विणून झाल्यावर मात्र पाठीच्या मधोमध आडवी रेघ, जणू कुणी पट्टी ठेवून आखली आहे. पोराला त्याचं काही नव्हतं, पण बहीण अजून त्याला "दोन मजली स्वेटर" म्हणते. घरचा रंग दोनदा सारखा येत नाही. कांदा बदलतो, पाणी बदलतं, आपला हात बदलतो. म्हणून पातेलं गॅसवर चढवण्याआधीच वीण ठरवायची, आणि अशी ठरवायची की रंगातला फरक लपवावा न लागता दाखवता येईल. लागणारी सगळी लोकर, वर थोडी जास्त, एकाच वेळी रंगवायची.

लोकर लोकरच आहे ना?

दुकानात "लोकर द्या" म्हटलं की समोर येते ती बहुतेकदा अ‍ॅक्रिलिक. जुने दुकानदार तिला कॅशमिलॉन म्हणतात. ती मऊ असते, स्वस्त असते, स्वेटरला छान असते, पण कांद्याचा रंग तिच्यावर चढत नाही. तासभर उकळा, धुतली की पांढरी ती पांढरीच. पट्टीवर काय छापलंय ते वाचा आणि तरी शंका असेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून सिंकवर काडी लावा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते, ज्योत बाजूला घेतली की बहुतेकदा आपली आपण विझते आणि मागे जी काळी राख उरते ती बोटांत चुरते. अ‍ॅक्रिलिक वितळतं, प्लॅस्टिकचा वास येतो आणि टोकाला कडक काळा मणी बनतो. निम्मी-निम्मी मिसळ असेल तर रंगही निम्माच चढेल.

या मफलरला मध्यम जाडीची शुद्ध लोकर हवी, १०० ग्रॅममध्ये साधारण २२० मीटर भरेल अशी. "मशीनमध्ये धुता येते" असं लिहिलेली लोकर शक्यतो टाळा. तिच्या धाग्यावर प्रक्रिया केलेली असते, ती रंग अधाशासारखा पिते आणि डाग-डाग होते. शिवाय पुढे मी धागे जोडायची जी युक्ती सांगणार आहे ती तिच्यावर चालत नाही.

दख्खनी मेंढीची लोकर वापरावी असं मलाही वाटलं होतं. घोंगडं जिचं होतं तीच ही. पण ती जाडीभरडी, मानेला टोचते. आणि बरीचशी मुळातच काळी-करडी असल्याने तिच्यावर कांद्याचा रंग कुठे दिसणार? तिला घोंगड्यातच राहू द्या.

भांडी

दहा लिटरचं स्टीलचं पातेलं, एक बारकं स्टीलचं पातेलं, दोन लाकडी दांडे किंवा जुने उलथने, स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा, रबरी हातमोजे. भांडी एकदा रंगाला लावली की स्वयंपाकाला परत घ्यायची नाहीत. सालं आणि तुरटी ठीक आहेत, पण पुढे हिराकस (लोखंडाचं मीठ) येणार आहे आणि ते पोटात जाण्याची वस्तू नाही. लोखंडी कढई रंग काळवंडवते, तांब्याचं भांडं त्याला हिरवट करतं, जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, पातेलंही थोडी ढवळाढवळ करतं. स्टील मुकाट राहतं.

लडी बांधणं

गुंडा तसाच पाण्यात टाकला तर बाहेरून रंगतो आणि आतून पांढरा राहतो. त्याची लडी करावी लागते. खुर्चीच्या पाठीभोवती सैलसर गुंडाळत जा, किंवा घरातलं कुणीतरी पकडून त्याला दोन हात पुढे करून बसवा. ५० ग्रॅमची एक, अशा चार लड्या. काट्यावर तोलून घ्या, कारण पुढचं सगळं गणित वजनावर आहे.

लडी खुर्चीवरून काढण्याआधी चार ठिकाणी सुती दोऱ्याने बांधा. बांधताना दोरा लडीच्या मधून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा, म्हणजे लोकरीचे पदर दोन भागांत वेगळे राहतील. आणि गाठ सैल ठेवा, आत अंगठा सहज जायला हवा. आवळून बांधलंत तर त्या जागी रंग शिरत नाही आणि विणताना हातभर अंतरावर पांढरे ठिपके येत राहतात. बांधणीच्या साडीत हेच मुद्दाम करतात, पण आपल्याला इथे ते नको आहे.

धुणं

विकतच्या लोकरीवर तेलाचा हात फिरलेला असतो, तो काढल्याशिवाय रंग सारखा चढत नाही. आदल्या रात्री सहा-सात रिठे फोडून, बिया काढून, पाण्यात भिजत घाला. सकाळी कुस्करून गाळा आणि तो फेस कोमट पाण्यात मिसळून लड्या अर्धा तास बुडवून ठेवा. चोळायचं नाही, पिळायचं नाही. रिठ्याच्या पाण्याने लोकर किंचित पिवळट दिसते, ते या रंगाखाली जाईल. रिठे नसतील तर बिनसोड्याचा, लोकरीसाठीचा द्रव साबण चालतो. नंतर तेवढ्याच कोमट पाण्यातून दोनदा काढा.

तेवढ्याच कोमट, हे शब्द पुन्हा वाचा. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर माशाच्या खवल्यांसारखे बारीक खवले असतात. गरम पाण्यात ते उभे राहतात आणि घासले गेले की एकमेकांत अडकून बसतात, ते कायमचे. पहिल्या वर्षी मी घाईने पातेल्यातली वाफाळती लडी उचलली आणि थेट नळाखाली धरून खसाखसा धुतली. दहा मिनिटांत तिचा नमदा झाला. तो आजही आमच्याकडे कुकरखाली ठेवायला आहे, आणि खोटं कशाला सांगू, त्या कामाला उत्तम आहे. तर लोकरीला उष्णता चालते, अगदी उकळीजवळची चालते, पण गरमातून एकदम गार, गारातून एकदम गरम आणि घासाघीस चालत नाही.

तुरटी

नुसत्या सालांच्या पाण्यातही लोकर रंगते, पण तो रंग मलूल असतो आणि लवकर उतरतो. तुरटी लोकर आणि रंग यांच्यामध्ये बसून दोघांना धरून ठेवते. किराणा दुकानातली साधी पांढरी तुरटी चालते, खलबत्त्यात बारीक करून घ्या.

प्रमाण कोरड्या लोकरीच्या वजनाच्या १२ टक्के, म्हणजे २०० ग्रॅमला २४ ग्रॅम. जास्त घातली तर रंग जास्त पक्का होईल असं वाटतं, पण तसं होत नाही. लोकर चिकट आणि खरखरीत लागू लागते आणि सुईवरून नीट सरकत नाही. बेकरीचं सामान मिळतं तिथे क्रीम ऑफ टार्टर मिळालं तर १० ग्रॅम घाला, लोकर मऊ राहते. नाही मिळालं तर अडत नाही.

तुरटी वाटीभर कडकडीत पाण्यात पूर्ण विरघळवा, खडा राहू देऊ नका. ते पाणी मोठ्या पातेल्यातल्या सात-आठ लिटर कोमट पाण्यात मिसळा. लड्या कोरड्या टाकू नका, आधी भिजलेल्याच टाका. मग मंद आच. पाणी गरम व्हायला पाऊण तास लागला पाहिजे. थर्मामीटर असेल तर ८० ते ८५ अंश. नसेल तर कडेने मोत्यासारखे बुडबुडे येतात, वाफ निघते, पण पाणी खदखदत नाही ती अवस्था. तिथे एक तास धरा. दर दहा मिनिटांनी दांड्याने लड्या अलगद खालीवर करा, ढवळू नका. मग गॅस बंद करून झाकण ठेवा आणि रात्रभर विसरून जा.

सकाळी लड्या उचला, पाणी निथळू द्या, हलकेच एकदा खळबळून घ्या. लगेच रंगवायचं नसेल तर ओल्या पंचात गुंडाळून दोन दिवस राहतात.

सालांचं पाणी

नाशिककडचा लाल कांदा असो की उन्हाळी गुलाबी कांदा, सालं रंगीत हवीत. पांढऱ्या कांद्याच्या सालांतून काही निघत नाही. वरची कोरडी, कागदासारखी कुरकुरीत सालंच घ्या. आतली ओली आली तर पातेल्यात रश्शाचा वास सुटतो. जमवताना कापडी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये ठेवलीत तर पावसाळ्यात बुरशी धरते. सालांवर काजळीसारखी काळी पूड असते तीही बुरशीच, म्हणून पिशवी गॅलरीत नेऊन, नाकाला रुमाल बांधून झटका.

१०० ग्रॅम सालं ऐकायला थोडी वाटतात. प्रत्यक्षात मोठी उशी भरेल इतका ढीग होतो. एकट्याच्या घरातून जमवायला महिने लागतील, त्यापेक्षा भाजीवाला, खाणावळ किंवा लग्नाचा आचारी यांच्याशी मैत्री करा.

सालं पाच लिटर पाण्यात दाबून बसवा आणि एक तास उकळा. इथे खदखदलं तरी चालेल, लोकर आत नाही. वीस मिनिटांतच पाणी लालभडक होतं आणि नवख्याला वाटतं झालं, पण पूर्ण तास द्या. गार झालं की जुन्या पंचातून गाळा. सालं घट्ट पिळून टाका. एक तुकडाही पाण्यात राहू नये, लोकरीत अडकला तर तिथे डाग पडतो.

चार छटा

गाळलेल्या पाण्यात साधं पाणी घालून सहा लिटर करा, कोमट असताना पहिल्या दोन लड्या (१०० ग्रॅम) त्यात सोडा. त्या मोकळ्या तरंगल्या पाहिजेत, कोंबल्या तर ठिगळं दिसतील. पुन्हा मंद आच, पाऊण तास बुडबुड्यांच्या अवस्थेत. पाच मिनिटांतच लोकर पिवळी होते, मग नारिंगी, मग तांबूस. हे बघत उभं राहण्यात वेळ छान जातो, फोन आत ठेवा.

गॅस बंद करून लड्या त्याच पाण्यात कोमट होऊ द्या. मग उचलून, दांड्यावर टांगून निथळू द्या. ओली लोकर वाळलेल्यापेक्षा दोन छटा गडद दिसते, त्यामुळे "फार गडद झाली" म्हणून लगेच बाहेर काढायची घाई नको.

आता उरलेल्या पाण्यात तिसरी लडी, तशीच, पाऊण तास. ती गेरूच्या पिवळ्यावर येते. ती निघाल्यावर राहिलेल्या पाण्यात चौथी. पाणी एव्हाना फिक्या चहासारखं झालेलं असतं आणि लडी गव्हाच्या काडाचा रंग घेते. नवीन सालं घालायचा मोह होईल, घालू नका. उतरत जाणारा रंग हाच या मफलरचा नकाशा आहे.

पहिल्या दोन तांबूस लड्यांपैकी एक बाजूला घ्या, तिला गडद करायचं आहे. हिराकस म्हणजे हिरवट खडे, काही आयुर्वेदिक काष्ठौषधींच्या आणि केमिकलच्या दुकानांत मिळतात. ५० ग्रॅम लोकरीला फक्त १ ग्रॅम. काटा एक ग्रॅम नीट दाखवत नसेल तर ५ ग्रॅम हिराकस अर्धा लिटर पाण्यात विरघळवून त्यातलं १०० मिलिलिटर घ्या, हिशेब बरोबर बसतो. बारक्या पातेल्यात तीन लिटर कोमट पाणी, त्यात हे द्रावण, त्यात ओली लडी. हातमोजे घालून. सारखी हलवत राहा, कारण इथे रंग डोळ्यांदेखत पालटतो. दोन मिनिटांत तांबूसपणा विझतो आणि खालून शेवाळासारखा हिरवट तपकिरी वर येतो. दहा मिनिटं पुरेत. हिराकस लोखंडाचं मीठ आहे, जास्त झालं किंवा लडी जास्त वेळ राहिली तर लोकर कडक होऊन पुढे तुटू लागते. पाणी मोरीत भरपूर पाण्याबरोबर सोडा, उरलेले खडे मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा.

चारही लड्या गार झाल्यावर साध्या पाण्यातून, मग चार थेंब सौम्य साबणाच्या पाण्यातून, मग पुन्हा साध्या पाण्यातून काढा. हिराकसवाली वेगळी धुवा, नाहीतर तिचं पाणी बाकीच्यांना काळवंडेल. थोडं रंगीत पाणी निघतंच, तिसऱ्यांदा नितळ यायला हवं. सावलीत टांगा, पंख्याखाली चालेल, उन्हात नको.

वाळल्यावर ओला पांढरा रुमाल प्रत्येक लडीवर दहा वेळा घासा. रुमालावर ठळक रंग आला तर पुन्हा धुवा. मफलर पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर बसणार आहे हे लक्षात ठेवा.

विणण्याआधी

लडीवरून थेट विणू नका, तासभर गुंता सोडवत बसाल. सुती गाठी कापा, लडी पुन्हा खुर्चीवर चढवा आणि सैल गुंडा करा. गुंडाळताना चार बोटांवरून गुंडाळा आणि बोटं काढून घ्या, म्हणजे धागा ताणलेला राहत नाही. ताणून गुंडाळलेली लोकर ताणूनच विणली जाते आणि पहिल्या धुण्यात मफलर आखडतो.

सुया ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या. आपल्याकडच्या जुन्या सुयांवर नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, १२ नंबरची सुई घेऊन बसाल तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत विणत राहाल.

वीण साबुदाण्याची घ्यायची. आमच्या घरी तिला हेच नाव आहे, कारण ती दिसतेच तशी दाणेदार. एक सुलट, एक उलट, आणि पुढच्या ओळीत सुलटावर उलट, उलटावर सुलट. साध्या सुलट विणीत घरच्या रंगाचे फिके-गडद भाग एकमेकांशेजारी येऊन धब्बे दिसतात. साबुदाण्याचे दाणे ते फोडून टाकतात. शिवाय दोन्ही बाजू सारख्या दिसतात आणि कडा वळत नाहीत, मफलरला आणखी काय हवं?

नमुना विणा. कंटाळा येतो, मलाही येतो, पण विणा. फिक्या लडीतून २५ टाके, ३० ओळी, मग कोमट पाण्यात बुडवून, पंचात दाबून, सपाट वाळवा. माझ्या हाताला १० सेंटिमीटरमध्ये २० टाके आणि साधारण ३३ ओळी बसतात. तुमचे २२ टाके येत असतील तर ७ नंबरची सुई घ्या, १८ येत असतील तर ९ नंबरची. मोजून झालं की नमुना उसवून तीच लोकर परत गुंड्यावर घ्या.

मफलर

गडद लडीने सुरुवात. ५१ टाके घाला, पण ते घालताना ६ नंबरची जाड सुई वापरा आणि पहिल्या ओळीपासून ८ नंबरवर या. नाहीतर सुरुवातीची कड आवळलेली राहते आणि मफलरचं ते टोक अरुंद दिसतं.

टाके विषम ठेवलेत त्याचं कारण असं की प्रत्येक ओळ सारखीच होते: एक सुलट, एक उलट, असं करत शेवटचा टाका सुलट. उलटी बाजू, सुलटी बाजू, काही लक्षात ठेवायचं नाही. टीव्ही बघताना चुकलात तर कळतंही लगेच, दाण्यांऐवजी उभ्या रेघा दिसू लागतात. तेव्हा एक ओळ मागे या.

आता सांध्याची गोष्ट. गडद लडी संपेपर्यंत विणून मग तांबूस जोडली तर तिथे रेघ येईल, माझ्या दोन मजली स्वेटरसारखी. म्हणून अधूनमधून गुंडा काट्यावर ठेवत जा. गडद लोकर ८ ग्रॅम उरली की तांबूस जोडा आणि दोन ओळी तांबूस, दोन ओळी गडद, अशा २४ ओळी विणा. दोन्ही धागे कडेने वर न्यायचे, दर वेळी रंग बदलताना नवा धागा जुन्याखालून घ्या, आणि फार ओढू नका, नाहीतर ती कड आत खेचली जाते. साबुदाण्याच्या विणीत खालच्या रंगाचा दाणा वरच्या रंगात डोकावतो, त्यामुळे या २४ ओळींत दोन रंग एकमेकांत विरघळल्यासारखे दिसतात. दोन-तीन फुटांवरून सांधा कुठे आहे ते सांगता येत नाही. मग गडद सोडा, पुढे फक्त तांबूस. तिचेही ८ ग्रॅम उरले की हेच, पुढे गेरूचं पिवळं, मग गव्हाळ.

धागे जोडताना गाठ मारायची नाही. जुन्या धाग्याचं आणि नव्या धाग्याचं टोक बोटाएवढं उकलून विरळ करा, एकमेकांवर ठेवा, तळहातावर थोडं पाणी घ्या (आजी सरळ थुंकी लावायची) आणि दोन्ही तळहातांत जोरात चोळा, ऊब लागेपर्यंत. पंधरा-वीस सेकंदांत दोन टोकं एक होतात, ओढून बघा, सुटत नाहीत. कुकरखालचा नमदा झाला तो याच गुणामुळे, फक्त इथे तो आपल्या कामाचा आहे.

मला एका लडीत साधारण १४० ओळी मिळाल्या, म्हणजे ४२-४३ सेंटिमीटर. रोज तासभर बसलं तर दोन-तीन आठवडे. शेवटची गव्हाळ लोकर तीन-चार मीटर उरली की थांबा आणि टाके बंद करा. बंद करतानाही उजव्या हातात ६ नंबरची सुई घ्या आणि सुलटावर सुलट, उलटावर उलट न करता विणीप्रमाणेच जात बंद करा. टोकांना झालर हवी असेल तर उरलेल्या चारही रंगांची थोडी-थोडी लोकर त्यासाठी राहतेच.

धुऊन सपाट करणं

सुईवरून उतरलेला मफलर जरा वाकडातिकडा दिसतो, नाराज होऊ नका. कोमट पाण्यात वीस मिनिटं बुडवा. दोन्ही हातांनी खालून आधार देऊन उचला, टोकाला धरून उचलला तर पाण्याच्या वजनाने फूटभर लांबेल. जाड टॉवेलवर पसरून टॉवेलसकट गुंडाळी करा आणि गुंडाळीवर पाय देऊन उभे राहा, पाणी टॉवेलमध्ये उतरतं. मग सावलीत चादरीवर सपाट पसरून, रुंदी पट्टीने मोजत हाताने सारखी करा. दोरीवर टांगायचा नाही.

दुसरे रंग

एकदा हात बसला की घरात सगळीकडे रंग दिसू लागतात. दसऱ्याची झेंडूची तोरणं सुकली की पाकळ्या काढून ठेवा, लोकरीइतक्याच वजनाच्या घेतल्या तर तुरटीवर दणदणीत पिवळा येतो. डाळिंबाच्या वाळलेल्या सालींतून हिरवट पिवळा, आणि त्यालाच हिराकस लावलं तर जवळजवळ काळा करडा. काष्ठौषधींच्या दुकानातली मंजिष्ठा विटकरी लाल देते, पण तिचं पाणी फार तापवायचं नाही, ७० अंशांच्या आसपास ठेवायचं, नाहीतर लाल जाऊन तपकिरी उरतो.

हळद मात्र नको. पहिल्या दिवशी तिच्यासारखा पिवळा दुसरा नाही, पण उन्हात आठवड्याभरात फिकटतो. शिवाय कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो हे आपल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, हळदीला चुना लावून कुंकू होतं ते त्यामुळेच. असा मफलर कोण धुणार?

कांद्याचा रंगही अमर नाही. रोज उन्हात राहिला तर हळूहळू उतरतो. किती, ते तुमच्या लोकरीवरच बघा. रंगवलेला धागा पुठ्ठ्यावर गुंडाळा, अर्धा भाग काळ्या कागदाने झाका आणि पुठ्ठा दोन आठवडे खिडकीत ठेवा. मी प्रत्येक वेळी हे करते आणि तोच पुठ्ठा वहीत चिकटवते, बाजूला सालांचं वजन, तुरटी, पाणी नळाचं की बोअरचं, आणि तारीख. बोअरच्या जड पाण्यात रंग वेगळा येतो हे मला त्या वहीनेच सांगितलं.

उन्हाळ्यात ठेवताना मफलर धुऊन, पूर्ण वाळवून, सुती कापडात गुंडाळा आणि घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. न धुतलेल्या, घामाच्या लोकरीला कसर आधी लागते. महिन्यातून एकदा काढून झटकून, घडी बदलून परत ठेवा.